दुसऱ्याचं घर, आपल्या नावावर

आजोबांच्या वाड्याची पावतीपुस्तकं अजून माझ्या कपाटात आहेत. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. मागच्या चौकातल्या दोन खोल्यांचं भाडं महिना अठरा रुपये. १९५४ च्या पावतीवर अठरा, १९७१ च्या पावतीवर अठरा आणि वाडा उतरवायला काढला त्या वर्षीच्या शेवटच्या पावतीवरही अठराच. त्या खोल्यांत एक शिक्षक राहत. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे माझं त्यांच्याकडे जाणं-येणं होतं. पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात तीन पातेली मांडलेली असत. एक चुलीजवळ, एक देवाखाली आणि एक दारात. आजोबा म्हणत, सात बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं गोळा केलं तरी एका बाजूची कौलं चाळून होणार नाहीत. गुरुजी म्हणत, मालक आहात तर छपराचं बघा. दोघांचंही खरं होतं. भांडण असं कधी झालं नाही, पण आजोबा गेले तेव्हा गुरुजी वर आले, पाया पडले आणि खिशातून त्या महिन्याचे अठरा रुपये काढून आजीच्या हातात ठेवले.

पुढे वडिलांनी कर्वेनगरला एक जादा फ्लॅट घेतला. तो अकरा वर्षं कुलूपबंद राहिला. आई महिन्यातून एकदा जाऊन झाडून यायची, नळ सोडून गंज काढायची. भाड्याने का देत नाही असं कुणी विचारलं, तर घरात एकच उत्तर मिळे: “दिला की गेला.” या पुस्तकाची सुरुवात माझ्यापुरती त्या तीन पातेल्यांत आणि त्या कुलपात आहे. राहण्यासाठी नव्हे, तर दीर्घ मुदतीच्या उत्पन्नासाठी घर घेणाऱ्या माणसाला मराठीत सांगोपांग काही वाचायला मिळत नाही. मिळतात त्या बिल्डरच्या जाहिराती, नाहीतर नातेवाइकांचे सल्ले. भाडेकरूंचं जग आपल्या साहित्यात भरपूर आलं, पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’मुळे ते घराघरांत पोचलं. मालकाचं काम नेमकं काय असतं, हे मात्र कुणी नीट मांडून ठेवलं नाही.

या विषयाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे, आणि तो माहीत नसेल तर आजचं काहीच कळत नाही. मुंबईत गिरण्या वाढल्या तेव्हा पैसेवाला माणूस चाळ बांधायचा ती भाड्यासाठीच. खोल्या विकायची कल्पनाच नव्हती. चाळ म्हणजे दरमहा येणारं उत्पन्न, तेही पिढ्यान्‌पिढ्या. १८९६ च्या प्लेगने त्या दाटीचं भयंकर रूप दाखवलं. ती दाटी कमी करायला १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या केल्या. दुसरीकडे १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली आणि राहणाऱ्यांनीच मिळून मालक व्हायचं, ही वाट खुली झाली. पुढे १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी फ्लॅटचा कायदा आल्यावर तीच वाट राजरस्ता झाली. ‘ओनरशिपचा फ्लॅट’ हा शब्द आपल्या बोलण्यात तेव्हापासून रुळला. बांधणाऱ्याने बांधायचं, विकायचं आणि मोकळं व्हायचं. भाड्यासाठी इमारत बांधणं जवळजवळ थांबलं.

ते का थांबलं, याचं उत्तर भाडेनियंत्रणात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाडी रोखणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पुन्हा झाला. मग आला १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते ‘स्टँडर्ड रेंट’ धरलं गेलं आणि तिथेच गोठवलं गेलं. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, घरांची टंचाई जीवघेणी होती. त्या दिवसांत हा कायदा नसता तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती, हे मी मालकाचा नातू असूनही मान्य करतो. पण कायदा तात्पुरता होता आणि मुदतवाढ मिळत मिळत तो अर्धशतक टिकला. भाडं गोठलं, सिमेंट, मजुरी आणि कर वाढत राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने खोली सोडली नाही, आणि मधल्या फटीतून पगडीचा, म्हणजे खोलीचा ताबा देताना बिनपावतीची रक्कम घेण्याचा, उघड गुपिताचा व्यवहार वाढला. शेवटी १९६९ मध्ये सरकारला मुंबईतल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ काढावं लागलं. आज दर पावसाळ्यात जुनी इमारत कोसळल्याची बातमी येते, तेव्हा त्या ढिगाऱ्यात चुनाविटांबरोबर १९४० चं भाडंही असतं.

आणखी एक तारीख वाचकाने लक्षात ठेवावी: १ फेब्रुवारी १९७३. भाडेनियंत्रणातून वाट काढण्यासाठी मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जागा देऊ लागले होते. म्हणजे भाडेपट्टा नाही, फक्त वापराची परवानगी. कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या. भाडेपट्टा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातला, परवानगी त्याच साली झालेल्या सुविधाधिकार कायद्यातली. १९७३ च्या दुरुस्तीने त्या तारखेला जे असे परवानाधारक म्हणून राहत होते, त्यांना संरक्षित भाडेकरू ठरवलं. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या मालकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. “दिला की गेला” हे वाक्य तिथून आलं. ती निव्वळ भीती नव्हती, तो अनुभव होता.

मात्र तो अनुभव आता जुना झाला आहे, आणि हेच मला या पुस्तकाच्या दारातच सांगायचं आहे. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की काळाच्या ओघात गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या संरक्षित भाडेकरूंचं संरक्षण त्याने काढलं नाही, वर्षाला ४ टक्के वाढ तेवढी दिली. पण नव्याने लिव्ह अँड लायसन्सवर जागा देणाऱ्या मालकासाठी त्याने वेगळी व्यवस्था केली. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. बदल्यात कायदा मालकाकडून एकच गोष्ट मागतो: करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदला नाही तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते ग्राह्य धरलं जाऊ शकतं, शिवाय मालकाला शिक्षेची तरतूद आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रापुरती चुकीची आहे. आज ही नोंदणी घरबसल्या होते. आधार, अंगठा, फोटो, आणि मुद्रांक शुल्क जेमतेम पाव टक्का. तरीही पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून समाधान मानणारे मालक मला दर महिन्याला भेटतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या कागदाने त्यांची भीती कायमची मिटली असती, तोच ते करत नाहीत.

जुन्या भीतीने केवढं नुकसान केलं, ते आकड्यांत दिसतं. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार शहरी भारतात भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांत एक कोटीहून अधिक घरं रिकामी होती. राज्यांमध्ये सर्वाधिक महाराष्ट्रात, सुमारे वीस लाख. शहरांमध्ये सर्वाधिक मुंबईत, पावणेपाच लाखांच्या घरात. ज्या शहरात माणसं लोकलच्या दारात लटकून दोन-दोन तास प्रवास करतात, त्याच शहरात लाखो दारांना कुलूप.

आता गुंतवणुकीकडे वळू. या क्षेत्रात विचारांचे काही पंथ आहेत आणि नवखा माणूस नकळत कुठल्यातरी एकात सामील झालेला असतो. आपल्याकडे सर्वांत मोठा पंथ भाववाढवाल्यांचा. घर घ्या, ठेवा, दहा वर्षांनी विका. भाडं आलं तर आलं. हिंजवडीला आयटी पार्क आला, खराडी वाढली, नवी मुंबईत सिडकोने वसवलेल्या नोडांचे भाव चढले, त्या काळात हा पंथ खूप फोफावला. दुसरा पंथ भाड्यालाच उत्पन्न मानतो. मुंबईच्या चाळमालकांचा तोच होता, आज तो लातूरसारख्या गावांत जिवंत आहे. शिकवणीला येणाऱ्या मुलांसाठी वर मजला चढवून खोल्या काढणारा लातूरचा माणूस जागेचा भाव विचारत नाही, खोली जूनमध्ये भरते का एवढंच पाहतो. पुण्यात ‘कॉट बेसिस’वर तेच चालतं. तिसरा पंथ कर्जवाल्यांचा: बँकेच्या पैशाने घर घ्यायचं आणि हप्ता भाड्यातून फेडायचा. चौथ्या पंथाचं म्हणणं असं की घर घेऊच नका, स्वतः भाड्याने राहा आणि उरलेला पैसा म्युच्युअल फंडात टाका. तरुण मुलांत हा पंथ वेगाने वाढतो आहे, आणि त्यांच्याकडे गणित आहे.

ते गणित एकदा जवळून पाहू. सिंहगड रस्त्याकडचा दोन बेडरूमचा फ्लॅट, समजा, ८० लाखांचा. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. ग्रिल, पंखे, गिझर, किचन ट्रॉली धरून आणखी दोन लाख दहा हजार. एकूण ८८ लाख. भाडं २४ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार. एजंट हा आकडा ८० लाखांशी मांडून ३.६ टक्के सांगेल. पण सोसायटीचा मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी (घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते शुल्क) मिळून वर्षाचे ४५ हजार गेले. मालमत्ता कराचे १८ हजार, कारण पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला जी ४० टक्के सवलत देते ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. दोन वर्षांत एक महिना घर रिकामं राहणार आणि एक महिन्याचं भाडं ब्रोकरेजला जाणार, म्हणजे सरासरीने वर्षाला २४ हजार. रंग, प्लंबिंग, बाथरूमची गळती यांना सरासरी २५ हजार धरा. हातात उरले १ लाख ७६ हजार. ८८ लाखांवर बरोबर दोन टक्के, तेही प्राप्तिकराच्या आधी. आणि यातले ६० लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाने घेतले असतील, तर हप्ता ५२ हजार. खर्च वजा जाता भाड्यातून महिन्याला मिळतात १४-१५ हजार. उरलेले ३७ हजार दरमहा आपल्या पगारातून. “भाड्यातून हप्ता सुटतो” हे वाक्य ज्याने तुम्हाला सांगितलं, त्याच्यासमोर हा कागद ठेवावा.

मग घेऊ नये का? माझं मत असं नाही. याच गणिताची दुसरी बाजू काळात आहे. भाडं वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत गेलं तर पंधरा वर्षांत दुपटीच्या पुढे जातं, हप्ता मात्र साधारण तिथेच राहतो, आणि एक दिवस संपतो. पेन्शन नसलेल्या माणसाला साठीनंतर महागाईबरोबर वाढणारं उत्पन्न देणारी साधनं फार थोडी आहेत. भाड्याचं घर त्यातलं एक आहे. जगातला अभ्यासही हेच सांगतो. जोर्डा, शुलारिक, टेलर हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७० ते २०१५ या काळातल्या १६ विकसित देशांचे आकडे जमवले. त्यांना आढळलं की घरांचा दीर्घकालीन परतावा शेअर बाजाराच्या तोडीचा होता, चढउतार कमी होते, आणि त्या परताव्यातला साधारण अर्धा वाटा भाड्याचा होता. भारत त्या अभ्यासात नाही, आणि आपल्याकडचं भाडं किमतीच्या मानाने फार कमी आहे, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. पण भाववाढवाल्यांनी त्यातला ‘अर्धा वाटा’ पुन्हा वाचावा. त्यांनी ॲम्स्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्यावरची घरंही आठवावीत. पीट आयखोल्ट्स यांनी तिथल्या १६२८ ते १९७३ या काळातल्या किमती तपासल्या. महागाई वजा केली तर साडेतीनशे वर्षांत त्या जेमतेम दुप्पट झाल्या होत्या. भाव कायम चढत राहतात, ही आपली श्रद्धा एकाच पिढीच्या अनुभवावर उभी आहे.

करांचं थोडक्यात सांगतो, कारण नियम बदलत राहतात. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, कर्जाचं व्याजही धरता येतं. पण घराचा तोटा पगारातून वळता करायला जुन्या करप्रणालीत २ लाखांची मर्यादा आहे आणि नव्या प्रणालीत ती सोयच नाही. २३ जुलै २०२४ पासून विक्रीवरच्या दीर्घकालीन नफ्याला साडेबारा टक्के कर आहे, महागाईची वजावट न देता; त्याआधी घेतलेल्या घरांना, निवासी व्यक्तींसाठी, जुना हिशेब निवडण्याची मुभा आहे. मुलगा न्यू जर्सीला आणि त्याच्या नावाचा फ्लॅट बाणेरला, अशी घरं आता प्रत्येक सोसायटीत आहेत. अशा घराचं भाडं देताना भाडेकरूलाच कर कापून भरावा लागतो, हे दोन्ही बाजूंना सहसा ठाऊक नसतं.

हा विषय आत्ताच का? कारण तीन पिढ्यांचे प्रश्न एका वेळी समोर आले आहेत. २०१६ च्या रेरा कायद्याने आणि १ मे २०१७ पासून महारेराने नव्या घराच्या खरेदीला थोडा भरवसा दिला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. तो वाद मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मालकांनीच नेला होता. गोठलेल्या भाड्याचा धागा असा थेट आजपर्यंत येतो. आणि नोकरीसाठी शहर बदलणारी मुलं आता घर घेण्याची घाई करत नाहीत, त्यांना चांगलं भाड्याचं घर हवं आहे. ते द्यायला चांगले मालक हवेत.

चांगला मालक म्हणजे काय, हे मला एका संध्याकाळी नीट कळलं. एका एजंटच्या दुकानात करारासाठी बसलो होतो. शेजारी रुग्णालयात काम करणारी एक नर्स बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत कागदपत्रांची फाइल. त्या आठवड्यातलं तिचं ते नववं घर. पगार नियमित, डिपॉझिट तयार. एका ठिकाणी आडनाव विचारून नकार, एका ठिकाणी एकटी आहे म्हणून, एका ठिकाणी मासे करते का म्हणून. एजंटने फोन ठेवला आणि तिला फक्त मान हलवून सांगितलं. ती फाइल पिशवीत घालत होती तेव्हा तिचे हात थरथरत होते. जे मालक तिला नाही म्हणाले त्यांची घरं पुढचे दोन-तीन महिने रिकामी राहिली असतील. त्यांचा तोटा झाला, ही लहान गोष्ट आहे. तिला तिच्याच राज्यातल्या शहरात डोकं टेकायला जागा मिळेना, ही मोठी. भाड्याने घर देणं हा पैशाचा व्यवहार आहेच, पण त्या व्यवहारात समोरच्याची झोप, मुलांची शाळा, आजारपण हे सगळं आपल्या नावावरच्या चार भिंतींत येऊन राहतं. मुदत ठेवीत असं काही नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याला फक्त परतावा हवा आहे त्याने घर घेऊ नये, त्याच्यासाठी दुसरी साधनं आहेत. ज्याला वीस वर्षं एक काम नेटाने करायचं आहे, त्याने घ्यावं.

ते काम शिकवण्याचा हा प्रयत्न आहे. संपादक म्हणून मी वकील, सनदी लेखापाल, स्थापत्य अभियंता, सोसायटीचे सचिव आणि मालक यांना लिहायला सांगितलं, आणि आग्रहाने भाडेकरूंनाही. अभियंत्याने गळती कुठून येते हे शोधण्यावर जितकी पानं खर्च केली, तितकी पानं कराच्या लेखाला मिळाली नाहीत, आणि ते मी मुद्दाम तसंच ठेवलं. कुठल्या उपनगरात घ्यावं, पुढचा भाव किती होईल, हे या पुस्तकात सापडणार नाही. ते सांगणारे भेटतील, त्यांना वरचा कागद दाखवावा. लेखकांची मतं जुळत नाहीत. कर्ज घेऊन घर घ्यावं की नाही यावर दोघांनी एकमेकांविरुद्ध लिहिलं आहे आणि मी कुणाचीही बाजू कापलेली नाही. लहान शहरांवरचा भाग मला हवा तेवढा भरला नाही. कोल्हापूर, नाशिक, सोलापूरच्या मालकांनी आपले हिशेब पाठवले तर पुढच्या आवृत्तीत त्यांना जागा आहे. गोव्याचे भाडेकायदे आणि पर्यटकांना घर देण्याची नोंदणी वेगळी असल्याने तो विषय बाजूला ठेवला आहे.

वाचकाला एक विनंती. पुस्तक कुठूनही वाचायला घ्या, पण त्याआधी आपलं घर कुणाला दिलेलं असेल तर करार कपाटातून काढा आणि तो नोंदलेला आहे का ते पाहा. नसेल तर याच आठवड्यात नोंदवून घ्या. आणि त्या निमित्ताने घरी जाल तेव्हा भाडेकरूला विचारा, पावसात कुठे गळतं का.